एका नवरीला एकच गाणं

अक्काकडं मंगलाष्टका मागायला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एकटे जाऊ नका, नवरीला बरोबर न्या. नवरीचा बाप, चुलता, गावचा सरपंच, कुणीही गेलं तरी अक्का त्याला चहा पाजते, पिशवीभर वांगी देते आणि वाटेला लावते. "लगीन तुझं हाय का?" असं तिनं एका माजी सभापतीला तोंडावर विचारलेलं मी ह्या कानांनी ऐकलंय. माणूस साठीचा. शेजारी त्याची बायको उभी होती, तिला हसू आवरेना.

नवरी आली की मात्र अक्का तिला थेट वांग्याच्या सरीत नेऊन बसवते आणि हातात खुरपं देते. बिचारी पोरगी पार्लरला जाऊन नखं रंगवून आलेली असते. "बसून बोलणारी खोटं बोलती, हात चालू असले की खरं बोलती," हे अक्काचं शास्त्र. मग प्रश्न सुरू. लहानपणी कशाला भ्यायचीस? घरातलं कोण रागावलं की रडू येतं? एकटी पहिल्यांदा कुठं गेलीस? दोन सऱ्या खुरपून होईपर्यंत पोरगी आईलाही न सांगितलेलं सांगून मोकळी होते, आणि चार-आठ दिवसांत तिचं गाणं तयार होतं. तिचं एकटीचं. त्यातलं नाव काढून दुसरीचं घातलं तर ते लंगडं पडतं.

"एकीचं गाणं दुसरीला न्हाय," अक्का म्हणते. "उष्टं मी वाढत न्हाय."

असल्या हट्टापायी तिनं काय काय सोसलं, ते मला माहीत आहे, कारण तेव्हा मी तिच्याच ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवत होतो. आठवडाभर बारामती एमआयडीसीत मशीनवर उभं राहायचं आणि लग्नाच्या तिथीला जाकीट घालून मांडवात. अक्का आणि मी दोघंही सणसरचे, म्हणून तिला मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचं-आणायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. मला ती आजही 'पेटीवाल्या' म्हणते. कीबोर्डला पेटी म्हणू नको म्हणून मी कितीदा सांगितलं. ऐकेल तर शपथ.

आमच्याकडं आता भटजींनी मंगलाष्टका म्हणायचे दिवस गेले. लग्न म्हटलं की मंगलाष्टकांचा ग्रुप पाहिजे. दोन गडी, दोन बाया, तबला, कीबोर्ड, सगळ्यांच्या अंगावर एका रंगाचे कपडे. आमच्या ग्रुपचे मालक म्हणजे मास्तर. गळा गोड, स्वभाव त्याहून गोड आणि हिशेबाला पक्के. त्यांच्याकडं पाच-सहा मंगलाष्टका तयार असायच्या, मध्ये नावांच्या जागा मोकळ्या. सकाळी एक नाव, दुपारी दुसरं. नवरी कुणीही असो, ती 'चंद्राची कोर' आणि 'बाबांची परी' असायचीच. एका सीझनला मी इतक्या पऱ्या पाहिल्या की विचारू नका.

अक्का त्या ग्रुपात मागच्या रांगेत. मास्तर ओळ म्हणणार आणि ही मागून धरणार. पण मागून धरता धरता तिनं हळूच आपली गाणी आत सरकवली. मास्तरांना फुकटात नवं मिळतंय म्हटल्यावर ते कशाला नको म्हणतील? गाणं अक्काचं, पुढं उभे मास्तर, आणि लोक म्हणायचे, "मास्तर, काय लिवलंय राव!" मास्तर छातीवर हात ठेवून वाकायचे. मला मागं बसून असा संताप यायचा! अक्का मात्र पदरानं घाम पुसत म्हणायची, "गाणं पोचलं न्हवं? मग झालं तर."

गाणं बसलंय की नाही हे ती टेम्पोच्या ड्रायव्हरवर तपासायची. साउंड, वाजाप आणि आम्ही सगळे एकाच टेम्पोत. अक्का पुढं बसून नवीन ओळ गुणगुणायची. ड्रायव्हरनं आपला टेप बारीक केला तर ओळ पास. नाही केला तर इंदापूर येईपर्यंत तिनं ती ओळ उसवून पुन्हा शिवलेली असायची. तो ड्रायव्हर एरवी डीजेची गाणी ऐकणारा, त्याला बिचाऱ्याला आपली परीक्षा चाललीय हे कधी कळलंच नाही. तशीच तिची आणखी एक खोड. मांडवात गायच्या आधी चप्पल काढायची, मग खाली चिखल असो नाहीतर उन्हानं तापलेली फरशी. आणि ड्रोन उडवणाऱ्या पोरांशी तर तिचं हाडवैर. "वर काय बघतोस रं मुडद्या, नवरी खाली हाय!"

आता मूळ मुद्द्यावर येतो. अक्का मागच्या रांगेत का होती? आवाज तर तिचाच सगळ्यात भारी. पण अक्काचा नवरा तरणेपणीच गेला. आणि कपाळ मोकळं असलेल्या बाईनं लग्नात पुढं उभं राहून मंगलाष्टका म्हणायच्या, हे आमच्याकडं अजून पचत नाही. तोंडावर कुणी बोलत नाही. मागं मात्र कुजबुज होतेच. बाकीच्यांच्या मागं उभी राहिली की ती कुणाला दिसत नव्हती. मास्तरांनी तिला असं झाकून ठेवलं होतं.

मग एका तिथीला मास्तरांचा घसा बसला. कार्यालय बारामतीतलं मोठं. मास्तर म्हणाले, "अक्का, आज तुमी पुढं या." अक्काचे डोळे असे चमकले! पण मास्तरांनी खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. "एवढं लावा फक्त. तासाभराचा प्रश्न. कुणाला काय कळतंय?"

आता गंमत बघा. अक्का एरवी टिकली लावायची! मन चांगलं असलं, वांग्याला बाजार बरा मिळाला, की रुपयाएवढी लाल टिकली लावून बाजारात फिरायची. गावानं नाकं मुरडली तरी हिला फिकीर नव्हती. त्यामुळं मला वाटलं, लावेल, त्यात काय. पण अक्कानं ते पाकीट मास्तरांच्या वरच्या खिशात परत घातलं.

"मास्तर, टिकली मी माझ्या मनानं लावती. तुमच्या गिऱ्हाइकाच्या मनानं न्हाय."

"अवो अक्का, धंद्याचा प्रश्न हाय."

"धंदा तुमचा, कपाळ माझं."

त्या दिवशी दुसऱ्या बाईनं गायलं. मी अक्काला गाडीवरून घरी आणलं. घरापुढं उतरल्यावर म्हणाली, "पेटीवाल्या, आजपास्नं मी ग्रुपात न्हाय. एकदा तरी पुढं उभी राहून, हाय ह्या कपाळानं, माझं गाणं मी म्हणणार. एकटी. त्याबिगार मरायची न्हाय."

बोलणं सोपं होतं. पुढचा अख्खा सीझन अक्काला एका माणसानं बोलावलं नाही. ग्रुपशिवाय मंगलाष्टका, त्यात बाई, त्यात अशी बाई. कोण बोलावणार? आणि तिकडं मास्तर तिचीच जुनी गाणी नावं बदलून बदलून वाजवत होते. मी एकदा न राहवून म्हणालो, "अक्का, मास्तरांना एक फोन तर कर."

"का? त्यांनी माझा नंबर हरीवलाय व्हय?"

घ्या! ह्या बाईशी बोलायचं कसं?

पण ती गप्प बसली नव्हती. वांगी तोडता तोडता एकटीनं गायचा सराव चालू होता. मंगलाष्टकाची ओळ लांब असते, एका दमात जाणारी नाही. ग्रुपात एकानं श्वास घेतला तर बाकीचे आवाज पुढं नेतात, कुणाला पत्ता लागत नाही. "घोळक्यात श्वास चोरता येतो रं," अक्का म्हणायची. "एकटीला तो सगळ्यांदेखत घ्यावा लागतो." कुठं थांबायचं, कुठं शब्द तोडायचा, कुठं मुद्दामच श्वास ऐकू द्यायचा, हे ती त्या सरीत उभी राहून शिकली. पन्नाशी उलटलेली बाई, शिकवायला कुणी नाही. मी शिफ्टवरून येताना बांधावर थांबून ऐकायचो आणि ऊर असा भरून यायचा. सांगितलं असतं तर म्हणाली असती, "उभा काय ऱ्हायलास, क्रेट उचल."

आमच्या कंपनीच्या शेजारी दुधाचा प्लांट आहे. तिथं पळसदेवची एक पोरगी लॅबमध्ये होती, रोज स्कूटीवर यायची. घर धरणाच्या पाण्याकाठी, मासेमारीचं. बाप ती लहान असतानाच गेला. आईनं होडी चालवून, जाळी टाकून तिला बीएस्सी केलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा चहाच्या टपरीवर तिनं मला विचारलं, "दादा, तुमच्या त्या अक्का एकट्या गातात का?"

मी म्हटलं, "गाते. तू खुरपायला तयार आहेस का?"

पोरगी सणसरला आली, तिनं तीन सऱ्या खुरपल्या. अक्का इतकी खूश की तिला वांग्यांबरोबर कोथिंबीरही दिली.

पण नवऱ्याकडची मंडळी बारामतीची, आणि त्यांच्याकडं सगळी सूत्रं नवऱ्याच्या मामांच्या हातात. ह्या मामांनी आधीच ग्रुप ठरवून टाकला होता. कुठला? आमचाच. म्हणजे लग्नाच्या दिवशी पळसदेवला, पाण्याकाठच्या मांडवात, मी स्टेजवर मास्तरांच्या बाजूला, आणि अक्का खाली बायकांत. मामांनी अक्काकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नवरीच्या आईला बाजूला घेतलं. आवाज मला ऐकू येत होता.

"विहीणबाई, राग मानू नका. पण पैल्याच दिवशी अपशकुन कशाला? ग्रुपला म्हनू द्या. वेळ उरला तर शेवटी ह्यांचं एखादं घेऊ."

नवरीची आई मान खाली घालून "बरं" म्हणाली आणि आचाऱ्याच्या चुलीकडं निघून गेली. ती तर सकाळपासून तिकडंच होती. स्वतःच्या पोरीचं लग्न, आणि ही मुहूर्ताला मांडवात येणार नव्हती. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं, नवरा गेलेल्या बाया नेहमी ठरवतात तसं. अक्का हे सगळं बघत होती.

मुहूर्त दुपारचा. उन्हाळ्याचे दिवस, धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं, निम्मी पोरंटोरं पाण्यातून वर आलेल्या जुन्या देवळापाशी फोटो काढायला पळालेली. आंतरपाट धरला. अलीकडं नवरी, पलीकडं नवरा, त्याच्या पाठीशी मामा. लोकांच्या मुठीत अक्षता. मास्तरांनी सुरुवात केली. एक झाली, दोन झाल्या. मास्तरांना वेळ खायचा होता, अक्काची पाळीच येऊ द्यायची नव्हती, हे मला दिसत होतं. तिसरीला त्यांनी माझ्याकडं बघून सूर दिला आणि गळा मोकळा सोडला,

"पाची बंधु उभे सभोवति हिच्या, लाडात ही वाढली..."

माझी बोटं थांबली.

हे अक्काचं गाणं. सणसरजवळच्या एका नवरीसाठी केलेलं, तिला खरोखरच पाच भाऊ होते. पुढच्या ओळीत ती बापाच्या ट्रॅक्टरवर बसून शाळेत जाते. मास्तरांच्या अंगवळणी पडलेलं, नाव तेवढं बदललं की झालं! इथं नवरीला ना भाऊ, ना बाप, आणि सगळ्या गावाला ते ठाऊक. मास्तरांनी ट्रॅक्टरची ओळही म्हणून टाकली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. नवरीनं हातातला हार खाली घेतला. मास्तरांच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी खाकरल्यासारखं केलं आणि माइक हातात घेऊन नुसते उभे राहिले. घामानं निथळत होता माणूस.

मुहूर्त चालला होता. मामा दबक्या आवाजात "म्हना की! म्हना की काहीतरी!" करत होते. तबलेवाला माझ्याकडं, मी तबलेवाल्याकडं. मी कीबोर्डचा स्विच बंद केला. पुढं काय होणार ते मला कळलं होतं.

खाली बायकांतून आवाज उठला. माइक नाही, वाजाप नाही. अक्का चप्पल काढून उभी राहिली होती.

"आईने धरिली वल्ही न थकता पाण्यात रात्रंदिनी..."

अहो, काय सांगू! मागच्यांना ऐकू येईना, म्हणून ते गप्प झाले. ते गप्प झाले म्हणून त्यांच्या मागचे. वाढपी हातात बुंदीच्या पराती घेऊन जिथल्या तिथं थांबले. अक्का चालत चालत मांडवाच्या मधोमध आली, सगळ्यांदेखत श्वास घेतला आणि पुढची ओळ म्हणाली. पोरीला पोहायला शिकवताना आईनं तिच्या कमरेला बांधलेल्या रिकाम्या डब्याची ती ओळ होती. नवरी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिसरी ओळ. ही अक्कानं स्टेजकडं पाठ करून म्हटली, आचाऱ्याच्या चुलीकडं तोंड करून.

"ये आई, जवळी, तुझ्याविण कसे होईल हे मंगल..."

आणि थांबली. पुढं फक्त 'शुभ मंगल सावधान' म्हणायचं राहिलं होतं. ते म्हटलं की शेवटच्या अक्षता पडणार, आंतरपाट निघणार. अक्का म्हणेना. हाताची घडी घालून चुलीकडं बघत उभी.

मामांनी घड्याळ बघितलं. "अवो बाई, पुढं म्हना! वेळ टळतीया!"

अक्कानं मान हलवली. पाचशे माणूस मुठी आवळून उभं. चुलीपाशी नवरीची आई तोंडाला पदर लावून खांबाला धरून राहिलेली, पाऊल उचलेना. मामा एकदा घड्याळाकडं बघत, एकदा अक्काकडं. घामाघूम झाले. शेवटी त्याच मामांनी, सकाळी अपशकुन म्हणणाऱ्या मामांनी, स्टेजवरून दोन्ही हातांनी हाका मारायला सुरुवात केली.

"विहीणबाई! या की लवकर! अवो, मुहूर्त चाललाय, या हितं! वाट द्या रं त्यान्ला, वाट द्या!"

लोकांनी वाट दिली. आई पिठाचे हात लुगड्याला पुसत आली आणि पोरीच्या शेजारी उभी राहिली. पोरीनं तिचा हात असा धरला, की आता कुणी सोडवून दाखवावा. तेव्हा अक्कानं स्टेजकडं तोंड केलं आणि एकटीनं, पाण्यापलीकडं जाईल अशा आवाजात म्हटलं, "शुभ मंगल सावधान!"

माझ्या हातात अक्षता नव्हत्या. मी टाळ्याच वाजवल्या. मंगलाष्टका म्हणणाऱ्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, तबलेवाला माझ्याकडं बघत राहिला. बघू दे.

सूत्रसंचालक गोंधळला होता. त्याच्या चिठ्ठीवर ग्रुपचं नाव. तो माइक घेऊन अक्काजवळ आला. "मावशी, नाव काय पुकारू? ग्रुप कुठला तुमचा?"

"ग्रुप न्हाय. मी एकटीच हाय. तसंच सांग."

त्यानं तसंच सांगितलं. इतकी वर्षं मांडवामांडवांतून फिरलेल्या अक्काचं नाव लाउडस्पीकरवर मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मास्तर पुढं येऊन म्हणाले, "अक्का, आज लाज राखलीत." मोठ्या मनाचा माणूस, खोटं कशाला बोलू. अक्का म्हणाली, "जेवून जावा मास्तर, उन्हाचं घसा सुकला आसंल."

जेवणं उरकत आली तेव्हा नवरीची आई फेटेवाल्याला घेऊन आली. नवरीच्या बापाच्या मानाचा फेटा कुणाला बांधायचा, ह्यावर भावकीत सकाळपासून धुसफुस चालली होती. चुलता म्हणे मला, आत्याचा नवरा म्हणे मला. आईनं तो फेटा कुणालाच दिला नव्हता, घडी मोडली नव्हती. आता तिनं तो फेटेवाल्याच्या हातात दिला.

"ह्यान्ला बांधा."

फेटेवाला चाचरला. "ताई, बापाच्या मानाचा हाय ना हा?"

"व्हय. म्हणूनच."

अक्का कधी नव्हे ती गडबडली. "अगं, मला कशाला," म्हणत मागं सरली. पण मागं नवरी उभी होती, तिनं खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. फेटेवाल्यानं गुलाबी फेटा बांधला, तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला. मामांनी तर मोबाइल काढून फोटो घेतला.

आता बारामतीच्या कार्यालयांतून अक्काला बोलावणी येतात. काही ठिकाणी अजून कुजबुज होते, ती कुजबुज संपेपर्यंत अक्का माइकसमोर गप्प उभी राहते आणि मग सुरू करते. मी ग्रुप सोडला. तिला कीबोर्ड लागत नाही, म्हणून मी साउंड बघतो आणि गाडी चालवतो. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं.

पळसदेवहून आतल्या रस्त्यानं सणसरला निघालो. ऊन रणरणत होतं, वारा तोंडावर. मी म्हटलं, "अक्का, फेटा सुटंल, काढून पिशवीत ठेव." तिनं एका हातानं फेटा धरला, एका हातानं माझा खांदा. ऊस संपला, सणसरची घरं दिसायला लागली. पारावर माणसं बसलेली, दुकानांपुढं बाया. लोकांच्या नजरा चुकवायला मी नेहमीसारखा वेग वाढवला. तेव्हा तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली.

"पेटीवाल्या, हळू घे. गावाला बघू दे."